आधी ताईचं लग्न होऊ दे

साताऱ्यातली माझी वकिली बहुतेक कागदांची आहे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. गेल्या पावसाळ्यात सांगलीहून दोघे गृहस्थ आले. दोघेही पन्नाशी ओलांडलेले. एकाचं गणपती पेठेत दुकान, दुसरे मूळचे साताऱ्याचेच, नोकरी सोडून आता त्याच दुकानात बसणारे. बावीस वर्षं जोडपं म्हणून एका घरात राहतात. (त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) फ्लॅट दुकानदारांच्या नावावर, हप्ते मात्र दोघांनी मिळून फेडलेले. त्यातला निम्मा हिस्सा दुसऱ्यांच्या नावावर बक्षीसपत्रानं करून द्यायचा होता.

मी हिशेब मांडला. नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर थोडे इतर आकार. तेच घर मित्राला दिलं तर बाजारभावावर पूर्ण शुल्क. शिवाय कायद्यानं नातेवाईक नसलेल्या माणसाकडून ५० हजारांहून जास्त किमतीची वस्तू फुकट मिळाली, की आयकर खातं ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं. ऐकून धाकटे गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण मॅडम, ३७७ गेलं ना? मग आम्ही अजून मित्रच कसे?"

त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून इथे सावकाश मांडते.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं कलम ३७७ गेलं म्हणजे एक गुन्हा कमी झाला. दोन सज्ञान माणसांनी संमतीनं एकत्र राहिलं, प्रेम केलं, तर पोलीस दारात येणार नाहीत, एवढंच त्यातून झालं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर त्या शेतात पाय ठेवला म्हणून आता कुणी फौजदारी करणार नाही, पण सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलेलं नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ उघडून बघा. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर आधी मुलं, बायको, आई. ती नसतील तर वडील, भाऊबहीण, मग लांबलांबचे भाऊबंद. त्या यादीत अखेरपर्यंत कुणीच सापडलं नाही तर मालमत्ता सरकारजमा होते. बावीस वर्षं सोबत राहिलेला जोडीदार त्या यादीत कुठेच येत नाही. सरकारचा नंबर लागतो, त्याचा लागत नाही.

हे बदलायला काय अडचण आहे? इथून खरी गोष्ट सुरू होते, आणि ती कायद्याची कमी, राजकारणातल्या सावधपणाची जास्त आहे.

दुकानदार काकांनी बोलता बोलता सांगितलं, की चोविसाव्या वर्षी त्यांनी आईला सांगून टाकलं होतं. आई रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आधी ताईचं लग्न होऊ दे, मग बघू." ताईचं लग्न झालं. मग, तिच्या सासरी कळायला नको, तिला मूलबाळ होऊ दे. मग धाकट्याची नोकरी पक्की होऊ दे. मग वडिलांचं ऑपरेशन होऊ दे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. आईला मुलाबद्दल द्वेषही नव्हता. पण 'मग बघू' यातलं 'मग' कधी आलं नाही, आणि एके दिवशी आईच गेली.

सरकारं, पक्ष, न्यायालयं गेली तीस वर्षं याच पद्धतीनं बोलत आली आहेत. निवडणूक होऊ दे. समाजाची तयारी होऊ दे. समितीचा अहवाल येऊ दे.

१९९४ मध्ये एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या दिल्लीतल्या गटानं ३७७ ला पहिल्यांदा उच्च न्यायालयात आव्हान दिलं. निमित्त तिहार तुरुंगाचं होतं. कैद्यांना निरोध द्यायला प्रशासनानं नकार दिला, कारण ते दिले तर आत काय चालतं हे मान्य करावं लागलं असतं. ती याचिका पुढे सरकलीच नाही. २००१ मध्ये नाझ फाउंडेशन ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि तिनं मांडणीत पुष्कळ सांभाळून घेतलं. मुख्य भर आरोग्यावर ठेवला: कायद्याच्या भीतीनं माणसं लपतात, लपलेल्या माणसांपर्यंत एचआयव्हीचं काम पोचत नाही. प्रेमापेक्षा रोग हा शब्द तेव्हा न्यायालयात जास्त सुरक्षित होता. मला ते वाचताना आजही वाईट वाटतं, पण त्या वेळी तोच दरवाजा उघडा होता.

२००४ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. कारण असं, की या कायद्यानं संस्थेला स्वतःला काही झळ पोचलेली नाही. आता ज्याला झळ पोचली त्यानं न्यायालयात यायचं तर 'मी हा गुन्हा करतो' असं शपथेवर लिहून द्यायचं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये प्रकरण परत पाठवलं आणि ऐका म्हणून सांगितलं. तेव्हा केंद्राची दोन खाती एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिली. गृह खातं म्हणे कायदा राहू द्या, आरोग्य खातं म्हणे काढा. सरकार एकच, पंतप्रधान एकच. २ जुलै २००९ ला न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला आणि संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. शहा हे मूळचे सोलापूरचे, तिथल्या जिल्हा न्यायालयात वकिली केलेले. आमच्यासारख्या तालुका-जिल्ह्याच्या वकिलांना त्याचं अप्रूप वाटतं.

त्या निकालावर केंद्र सरकारनं अपील केलं नाही, पण निकाल आम्हाला मान्य आहे असंही ठामपणे म्हटलं नाही. अपील केलं ते इतरांनी. २३ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयात सरकारचे एक वरिष्ठ वकील उभे राहिले आणि समलिंगी संबंध अनैतिक आहेत असा युक्तिवाद केला. काही तासांत गृह खात्यानं पत्रक काढलं, की आमची अशी काही भूमिकाच नाही. राजकीय सावधपणा म्हणजे काय हे कुणाला एका दिवसात समजून घ्यायचं असेल तर तो दिवस बघावा. हो म्हटलं तर एक बाजू नाराज, नाही म्हटलं तर दुसरी. म्हणून सकाळी एक आणि दुपारी दुसरं.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं २००९ चा निकाल रद्द केला. हा लोकसंख्येचा अगदी नगण्य भाग आहे, आणि बदल करायचा तर संसदेनं करावा, असं त्या निकालात म्हटलं होतं.

मग प्रकरण संसदेत गेलं का? गेलं, आणि दारातच थांबलं. १८ डिसेंबर २०१५ ला शशी थरूर यांनी ३७७ बदलण्याचं खासगी विधेयक मांडायची परवानगी मागितली. विधेयक मंजूर करा असं नव्हे, नुसतं मांडू द्या. बाजूनं २४ मतं, विरुद्ध ७१. मार्च २०१६ मध्ये पुन्हा प्रयत्न: बाजूनं १४, विरुद्ध ५८. खासगी विधेयक मांडायलाच विरोध होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. पण माझं लक्ष वेगळ्याच आकड्याकडे जातं. लोकसभेत ५४३ निवडून आलेले खासदार, आणि मतदानाला शंभरही नाहीत. खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारनंतर येतात, तेव्हा बरेच जण मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असतात हे खरं. पण बाहेर मुलाखतीत सहानुभूतीचे दोन शब्द बोलणारे पुष्कळ पक्ष होते, त्यांनी आपल्या माणसांना थांबायला सांगितलं नाही. गैरहजर राहिलं की हो म्हटल्याचा ठपका नाही आणि नाही म्हटल्याचाही नाही.

पुढचं बहुतेकांना आठवत असेल. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात लैंगिक कलाचाही समावेश केला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ३७७ चा तो भाग रद्द केला. त्या सुनावणीत केंद्र सरकारनं काय भूमिका घेतली? न्यायालयाच्या विवेकावर सोडतो, अशी. आणि हक्क लग्नापर्यंत नेऊ नका, एवढं बजावलं.

आता २०२३. लग्नाच्या हक्कासाठी वीसेक याचिका. याचिकाकर्त्यांनी पुन्हा जपून पाऊल टाकलं: धर्माच्या विवाह कायद्यांना हात नको, फक्त विशेष विवाह कायदा, १९५४ घ्या. हा तोच कायदा, ज्याच्या आधारे आपल्याकडे आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडपी नोंदणी पद्धतीनं लग्न करतात. १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल असा: लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. लग्न नाही तरी या जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी, असं दोघांचं मत, तिघांचं त्याविरुद्ध. हे काम संसदेचं आहे. तोवर सरकारनं समिती नेमावी.

आता सगळं एका ओळीत लावून बघा. २०१३ मध्ये न्यायालय म्हणालं, संसदेकडे जा. २०१५ मध्ये संसदेनं विधेयक मांडूही दिलं नाही. २०१८ मध्ये सरकार म्हणालं, न्यायालय बघेल. २०२३ मध्ये न्यायालय पुन्हा म्हणालं, संसद बघेल. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तलाठ्याकडून सर्कलकडे, सर्कलकडून तहसीलदारांकडे आणि 'त्रुटी' म्हणून परत तलाठ्याकडे, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की इथे फाइलमध्ये माणसाचं आयुष्य आहे.

या सुनावणीतली एक गोष्ट आपल्या राज्याची आहे. केंद्रानं सगळ्या राज्यांना मत विचारलं होतं. मे २०२३ मध्ये न्यायालयाला सांगण्यात आलं की सात राज्यांची उत्तरं आली आहेत. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध केला. तिन्हीकडे तेव्हा वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होती. उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम आणि आपला महाराष्ट्र यांनी काय कळवलं? विषयावर व्यापक विचारविनिमय लागेल, वेळ द्या. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात कुठलंही भाषण सुरू होत नाही, त्याचं उत्तर होतं, आधी ताईचं लग्न होऊ दे. मला याचा राग येतो, कारण इथे हा विषय काल उगवलेला नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं देत, त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न असत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये उच्च न्यायालयात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण अस्पृश्यतेविरुद्धची एवढी मोठी लढाई चालू असताना 'हा विषय आता नको, माझ्या मुख्य कामाला बाधा येईल' असा हिशेब बाबासाहेबांनी केला नाही.

राजकारणी माणसं इतकी का बिचकतात, तेही प्रामाणिकपणे समजून घेतलं पाहिजे. सगळे दुष्ट आहेत असं धरलं तर काहीच कळत नाही. आमदारकीचं गणित मतदारसंघाचं असतं. ऊस, पाणी, कारखाना, आरक्षण, या प्रश्नांवरचे मतदार गावागावांत दाखवता येतात. समलिंगी माणसं प्रत्येक गावात आहेत, पण थोडी थोडी विखुरलेली आणि बहुतेक लपलेली. त्यांचा मोर्चा पोवई नाक्यावर निघत नाही, कारण मोर्चात चेहरा दिसतो आणि चेहरा दिसला की घरी कळतं. विरोध करणारा मतदार चिडून मत फिरवू शकतो; पाठिंबा देणारा 'चांगलं बोलले हो' म्हणतो आणि मत जातीकडे किंवा गटाकडे बघून देतो. भाषणाचा एक तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की झालं. त्यामुळे खासगीत 'तुमचं बरोबर आहे ताई' म्हणणारे नेते मला भेटले आहेत, सर्वपक्षीय भेटले आहेत.

पण या गणितात एक खोट आहे. माणसं लपलेली आहेत म्हणून दबाव नाही, आणि दबाव नाही म्हणून संरक्षण नाही, आणि संरक्षण नाही म्हणून माणसं लपलेली आहेत. हे चक्र लपलेल्या माणसानं तोडायचं की ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं?

काहींनी थोडी हालचाल केली, ती नोंदवली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसनं या समुदायासाठी पक्षात वेगळा विभाग काढला. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. २०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसनं व्यापक चर्चेनंतर अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारा कायदा करू, असं लिहिलं. फक्त हे लक्षात ठेवा, की संसदेच्या दोन्ही सभागृहांत खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याची शेवटची वेळ १९७० ची. खासगी विधेयक हा बहुतेक वेळा विषय पटलावर ठेवायचा मार्ग असतो, कायदा करायचा नसतो.

सावधपणा चळवळीच्या आतही आहे, आणि त्यावर आत भांडणंही आहेत. २ जुलै १९९९ ला कोलकात्यात देशातला पहिला प्राइड मोर्चा निघाला, पंधरा जणांचा. त्याला नाव दिलं होतं 'फ्रेंडशिप वॉक', मैत्रीची फेरी. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला दिल्लीचा निकाल आला. पुण्यात प्राइडला साधे, शालीन कपडे घालून या अशी सूचना झाली होती आणि त्यावरून मोठा वाद झाला. सूचना देणाऱ्यांचं म्हणणं, की पुण्याच्या मध्यमवर्गाला आपलंसं करायचं तर त्यांना दचकवू नका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की साडी नेसलेला मुलगा दचकवतो म्हणून त्याला मागे ठेवायचं असेल तर ही मिरवणूक कुणासाठी? अमेरिकेतही १९६५ साली फिलाडेल्फियातल्या निदर्शनांना पुरुषांनी सूट-टाय आणि बायकांनी स्कर्ट घालून यायचं, असा नियम होता.

१ फेब्रुवारी २०२० ला मुंबईत याहून अवघड प्रसंग आला. नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं चालू होती, म्हणून पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानापासूनच्या प्राइड मोर्चाला परवानगी नाकारली. आझाद मैदानात नुसतं जमायला दिलं. तिथे काही घोषणा झाल्या, त्यावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, आणि आयोजकांनी त्या घोषणांशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. आपण आपल्यापुरतं बोलावं, की सगळ्यांच्या हक्कांबद्दल? ही चळवळ त्या दिवसानंतर या प्रश्नावर आतून दुभंगली, आणि दोन्हीकडे मी आदर करते अशी माणसं आहेत.

लग्नाच्या याचिकांबद्दलही तेच. अनेक जुन्या कार्यकर्त्यांना वाटत होतं की घाई होते आहे. न्यायालयानं एकदा 'नाही' म्हटलं की ते 'नाही' वर्षानुवर्षं गळ्यात पडतं. तसंच झालं, फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. पण घाई कुणाला म्हणायचं? साठीतल्या जोडप्याला 'दहा वर्षं थांबा' सांगणं आणि पंचविशीतल्या जोडप्याला तेच सांगणं यांत फार अंतर आहे.

केंद्रानं २०२३ च्या प्रतिज्ञापत्रात म्हटलं होतं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. साताऱ्यात बसून हे वाचताना काय वाटतं सांगू? सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून आहे. तिच्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि मुस्कान हा देहविक्री करणाऱ्या पुरुषांचा आणि तृतीयपंथी व्यक्तींचा गट उभा राहिला. दिल्लीत कुणी याचिका लिहीत असताना इथे ही माणसं पोलिसांशी, गुंडांशी आणि दवाखान्यातल्या तुच्छतेशी रोज झुंजत होती. २००५ मध्ये अमेरिकन सरकारच्या निधीबरोबर एक अट आली, वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी हमी द्या. संग्रामनं निधी परत केला. पैसे गेले, पण ज्यांच्यासाठी काम चालू होतं त्यांच्याविरुद्ध सही केली नाही. सावधपणा आणि लाचारी यांची सीमा कुठे असते, ते मला त्या निर्णयात दिसतं.

आणि आपले जोगते? यल्लम्माचा जग डोक्यावर घेऊन, साडी नेसून, चौंडक्याच्या तालावर दारी येणाऱ्या जोगत्याच्या पदरात आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या जोंधळे घातले आहेत, पाया पडल्या आहेत. देवीचं नाव जोडलेलं असलं की चालतं. तेच घरातल्या पोरानं देवीचं नाव न घेता सांगितलं, की बायल्या म्हणून हिणवतो. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी २०२३ च्या आपल्या निकालपत्रात लिहिलंच आहे, की शेतात राबणारी बाईही समलिंगी असू शकते. तो भाग अल्पमतातल्या निकालपत्रात राहिला.

या थांबण्याची किंमत कोण देतं, यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण ती किंमत माझ्या टेबलावर येते. 'लग्न करून टाक, सगळं सुरळीत होईल' हा आपल्याकडचा रामबाण उपाय. पोरगा घाबरून बोहल्यावर चढतो. वर्ष-दीड वर्षानं एक मुलगी आई-वडिलांबरोबर माझ्याकडे येते. तिला वाटत असतं आपल्यातच काही कमी आहे. नवरा वाईट वागत नाही, मारत नाही, दारू पीत नाही. फक्त जवळ येत नाही. तिचं वय पंचवीस. सासरचे तिलाच वांझ ठरवतात. मग विवाह रद्द करायचा अर्ज, वैद्यकीय तपासणीची बेअब्रू, दागिन्यांवरून ओढाताण, आणि पुढे 'दुसरेपणाची' म्हणून येणारी स्थळं. अशा प्रकरणांत मी मुलींची बाजू लढवते आणि मनापासून लढवते. पण समोर उभा असलेला तो मुलगाही कुणीतरी दावणीला बांधून आणलेला असतो. 'समाजाची तयारी होऊ दे' असं जेव्हा मोठ्या खुर्चीतला माणूस म्हणतो, तेव्हा तो दोन आयुष्यं खर्ची घालत असतो, आणि त्यातलं एक तर समलिंगी माणसाचंही नसतं.

थांबणं नेहमीच चूक, असं माझं म्हणणं नाही. डेन्मार्कनं १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांना नोंदणीकृत सहजीवनाची मान्यता दिली. लग्न थेट २०१२ मध्ये. तेवीस वर्षांचा फरक. पण त्या तेवीस वर्षांत त्यांच्या हातात घर होतं, वारसा होता, दवाखान्यात विचारलं जाणारं नाव होतं. हातात काही देऊन थांबायला सांगणं वेगळं.

आपल्या हातात आतापर्यंत काय आलं? एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वर्षी केंद्राच्या खात्यांनी काही सूचना काढल्या: शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले समजा, संयुक्त बँक खात्याला अडकाठी नाही, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात मागता येईल. शेवटची सूचना वाचून मी बराच वेळ बसून होते. जिवंतपणी नाही, पण अंत्यसंस्कारापुरतं तुमचं. आणि तेही नातेवाईक आले नाहीत तर.

राज्याला मात्र बरंच काही आज करता येईल, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. लग्न आणि वारसा हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्राइतकेच राज्याचेही. ते मोठं काम राहू दे बाजूला. २०० रुपयांच्या मुद्रांकाची ती सवलत तर महाराष्ट्राच्या स्वतःच्या मुद्रांक कायद्यातली आहे. जोडीदार म्हणजे कोण याची व्याख्या करून त्या यादीत एक शब्द वाढवायला दिल्लीला विचारावं लागत नाही.

साताऱ्यात राहून मला या सगळ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतात. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते जवळजवळ अठरा वर्षं सरकारदरबारी खेटे घालत होते. मसुदे बदलले, कलमं गळली, प्रत्येक अधिवेशनात 'पुढच्या अधिवेशनात' ऐकलं. कुणी इतकं संयमानं, इतकं कायद्याच्या चौकटीत राहून भांडलेलं मी पाहिलं नाही. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा पुण्यात खून झाला आणि त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला. अठरा वर्षं जे अशक्य होतं, समाजाची तयारी नव्हती, विरोध होता, ते सगळं चार दिवसांत शक्य झालं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदाही मंजूर झाला. बरोबर त्याच सुमारास दिल्लीत ३७७ परत आलं होतं. म्हणून 'समाजाची अजून तयारी नाही' हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं, की मला तो ऑगस्ट आठवतो.

दरम्यान लोक छोट्या वाटांनी जात आहेत. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलं की कुटुंब बनण्याचा लग्न हा एकमेव मार्ग नाही. भेटवस्तूवरच्या त्या आयकराला एका जोडप्यानं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. लग्न मागितलं की सगळे बिचकतात, म्हणून एकेक कलम घेऊन भांडायचं. यात वेळ जाईल, पण ही वाट मला ओळखीची वाटते. बांधाचे दावे आम्ही असेच एकेक वीत करून जिंकतो.

त्या दोघांचं मात्र बक्षीसपत्र झालं नाही. शुल्क झेपणारं नव्हतं. आम्ही मृत्युपत्र करायचं ठरवलं, दोघांची वेगवेगळी. डॉक्टरांचा दाखला, दोन साक्षीदार, आणि सक्ती नसली तरी नोंदणी, कारण उद्या पुतणे न्यायालयात गेले तर कागद भक्कम हवा. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे साध्या कागदावर एकमेकांना प्रतिनिधी नेमून ठेवायला सांगितलं. त्याला नातं लागत नाही.

साक्षीदार म्हणून दुकानदार काकांची ताई यावी, असं मी सुचवलं. सख्खी बहीणच साक्षीदार असली की वाद घालणाऱ्यांचं बळ निम्मं होतं. काका म्हणाले, तिला विचारायचं धाडस नाही. तरी त्यांनी विचारलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात ताई कऱ्हाडहून एसटीनं एकट्याच आल्या. चष्मा लावून मसुदा शेवटपर्यंत वाचला. 'माझे मित्र श्री.' या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, "इथं दुसरं काही लिहिता येतं का?"

मी म्हटलं, मृत्युपत्रात कुठलाही शब्द लिहिता येतो. कायदा त्याला अर्थ देणार नाही, पण अडवणारही नाही.

तिघे बराच वेळ त्यावर बोलत बसले. सहचर, जोडीदार, घरचे. माझ्या टेबलावर तो मसुदा अजून आहे, तेवढी जागा कोरी ठेवून. सोमवारी कळवतो म्हणालेत.